उंटिणीच्या दुधाची पारख

साधनाची दीड वर्षांची पोर गाईचं दूध ओठाला लागलं तरी सुजायची. डॉक्टरांना विचारून तिला उंटिणीचं दूध सुरू केलं, ते मानवलंही. एका सकाळी मात्र तेच दूध पिऊन पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं.

सगळा राग निघाला तो पातूरच्या रस्त्याला उतरलेल्या कच्छी रबाऱ्यांवर, उंट घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांवर. उंट त्यांचे, दूध त्यांचं. "डेरा उचला," गावानं बजावलं.

उरलेली बाटली अकोल्यात दूध तपासणाऱ्या दीक्षाकडे आली. फॅट ठीक, पाणी नाही, युरिया नाही. इथं कुणीही 'शुद्ध' लिहून मोकळं झालं असतं. दीक्षाचं मन मानेना. गाईच्या दुधात एक प्रथिन असतं, ते उंटिणीच्या दुधात मुळीच नसतं. ते ओळखणारी पट्टी तिनं दुधात बुडवली. एक रेघ नेहमीचीच; शेजारी दुसरीही उमटली. गाईचं दूध होतं!

"मंग रबाऱ्यायनंच मिसळलं," बाटली घेऊन आलेला साधनाचा नवरा गोपाल उसळला.

"मिसळलं एवढंच पट्टी सांगते, भाऊ. कोनं, ते नाई सांगत."

बर्फाचा डबा घेऊन ती थेट डेऱ्यावर गेली. तिथं रबाऱ्यांची लाखीबेन एका पायावर उभी राहून, दुसऱ्या गुडघ्यावर भांडं तोलत दूध काढत होती. दीक्षानं प्रत्येक उंटिणीचं दूध आपल्या डोळ्यांदेखत घेतलं. एकातही गाईची रेघ नव्हती. पट्टीच खोटी नसेल ना, म्हणून तिनं त्यातल्या थोड्या दुधात चमचाभर गाईचं दूध घालून पाहिलं. रेघ लगेच उमटली.

आता उरला शेखर, डेऱ्यावरचं दूध घरोघरी पोचवणारा मधला विक्रेता. त्याच्या कॅनमधल्या दुधानंही दोन रेघा दाखवल्या.

"मागणी वाढली होती, ताई. गाईचं दूध काय जहर हाय?"

"त्या पोरीले जहरच हाय," दीक्षा म्हणाली.

शेखरवर खटला भरला. पण दीक्षा तेवढ्यावर थांबली नाही. गावाच्या चावडीवर जाऊन, डेरा उठवायला निघालेल्या माणसांसमोर तिनं सगळं सांगितलं. डेरा उठवायचं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गोपाल डेऱ्यावर गेला. हात जोडून उभा राहिला. लाखीबेननं आधी उंटिणीचं दूध काढून संपवलं. मग विचारलं, "बच्ची कैसी है?"