घसा बसलेली गायिका

आमच्या दुकानात मी ज्येष्ठमधाची बरणी उघडली, तेव्हा टीव्हीवर एक नावाजलेली पॉप गायिका सत्कारात सांगत होती, "मिरजगावला जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात मुख्य गायिकेचा घसा बसला, म्हणून मला पहिली संधी मिळाली."

ती मुख्य गायिका मी. त्या रात्री ज्येष्ठमध चघळत स्टेजमागे उभी होते. घसा ठणठणीत होता. पण नुकतीच माझी सुपारी फुटली होती आणि होणाऱ्या सासूबाई अचानक पहिल्या रांगेत येऊन बसल्या. आईनं माझ्या हातातला माईक काढून कोरसमधल्या त्या पोरीला दिला. "घसा बसलाय म्हणून सांगा," ती म्हणाली. मला वाटलं, एका कार्यक्रमापुरतंच आहे.

आज सासूबाई गल्ल्यामागे बसून टीव्ही बघत होत्या. म्हणाल्या, "लई गोड गाती गं ही. आपल्या घरात कुनाला असला गळा न्हाई."