हसुरामचा कागद

विड्याच्या ओल्या पानावर शिंपल्यांचा ताजा चुना फिरवला की एक झोंबरा, हिरवट वास सुटतो. माघातल्या सकाळी, सोललेल्या सुपाऱ्या अंगणभर वाळत पडलेल्या असताना आणि खाडीवरून सुकत्या बोंबलांचा खारट दर्प येत असताना त्यात हा वास मिसळला, तर आमच्या रेवदंड्यातल्या माणसाला जेवण पूर्ण झाल्यासारखं वाटतं. मला मात्र आजही मळमळतं. घरात कोणी पान लावायला बसलं की मी उठून ओटीवर जाते. सुना म्हणतात, सासूबाईंना पित्ताचा त्रास आहे. म्हणू देत. पित्त आहे हे खरं, पण ते पोटातलं नव्हे.

हा विडा मी लावत असे तो आमच्या सरांसाठी. एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलेलं, जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा, आणि मुंबईच्या एका महाविद्यालयानं खाडीच्या मुखाशी, सुरूंच्या बनाला लागून एक कौलारू बंगली भाड्यानं घेऊन तिथे प्रयोगशाळा थाटलेली. थाटलेली म्हणायचं आपलं! हातानं गरगर फिरवायचं एक यंत्र, लाकडाच्या भुशातून येणारा बर्फ, काचेच्या चार डझन नळ्या आणि सर. सर विद्वान होते, म्हणजे निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं, आणि ते खोडून काढण्याची आमची कोणाची प्राज्ञा नव्हती. सोवळ्यातल्या बाईनं चूल सांभाळावी तसं ते प्रयोगाचं टेबल सांभाळत. माशाचं मांस वाटून झालं की ते मलमलीत बांधून पिळण्याचं काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत, आणि तोंडात विडा असल्याशिवाय त्यांची प्रतिभा जागी होत नसे. मी त्यांची विद्यार्थिनी, गावचीच, रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली. त्या पदवीचा त्यांनी केलेला पहिला उपयोग असा, की "तुझ्या हाताला चव आहे गं, विडा तूच लावत जा." मी लावत गेले. वडिलांच्या वाडीतली सुपारी कातरून घालत गेले, आणि वर बोटावर चाटायला त्यांना लागे तो जास्तीचा चुनाही डबीतून पुढे करत गेले. प्रबंधाला त्यांची सही लागणार होती ना!

आमचा शोध चालला होता तो शरीरातल्या निरोपाचा. जीव घाबरला की रक्तातून एक हाकाटी सुटते, ती स्नायूच्या पेशीच्या दारावर येऊन थडकते, आणि आत निरोप्यांची एक रांग हलू लागते. त्या रांगेतल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, कायनेज म्हणतात. कायनेजचं काम दिसायला क्षुल्लक: समोरच्या प्रथिनाच्या अंगावर फॉस्फेटची एक बारीकशी खूण डकवायची. पण ती खूण लागली की त्या प्रथिनाचं नशीब फिरतं. झोपलेलं विकर जागं होतं, साठवलेली साखर फोडू लागतं, स्नायू पळायला सज्ज होतो. माशाच्या शेपटीत जे घडतं तेच माणसाच्या पोटरीत आणि तेच त्याच्या काळजात. गंमत अशी, की ज्याच्या अंगावर खूण लागते त्याला ती वाचता येत नाही. बाकीची सगळी पेशी मात्र ती वाचते आणि तिला अनुसरून त्याच्याशी वागते. पुढे तीस वर्षं मी हे वाक्य वर्गात सांगितलं, आणि दर वेळी फळ्याकडे तोंड करून सांगितलं.

या साऱ्यासाठी मासा हवा होता जिवंत, आणि तोही निवांत. तो आणत असे हसुराम. पेणकडच्या खारपट्टीतला हा आगरी माणूस. समुद्राचा बांध फुटून त्याच्या भातखाचरांत खारं पाणी शिरलं, जमीन मेली, आणि तो बायकोला घेऊन आमच्याकडे नळ्या धुवायच्या कामाला लागला. थोरला भाऊ मुंबईच्या गोदीत ओझी वाहताना गेला होता, त्यामुळे गोदीत पाऊल टाकायचं नाही अशी बायकोनं त्याला शपथ घातली होती. गावच्या तळ्यांत वाढवलेले जिताडे तो पखालीतून जिवंत आणून मागच्या हौदात सोडी. मग एकेकाच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून, त्याच्याशी काहीतरी पुटपुटत, इतक्या हलक्या हातानं बाहेर काढी की तो शेपूटसुद्धा आपटत नसे. "घाबरल्याला मारू नये, बाई," तो मला एकदा म्हणाला, "मांस रुसतं." ज्या गोष्टीवर सर दीड तास व्याख्यान झोडत, ती या माणसानं एका श्वासात सांगून टाकली, आणि लगेच नळ्या विसळायला बसला.

कसोटी सोपी होती. विकर झोपलेलं असेल तर नळी पांढरी राहायची. जागं असेल तर त्याच्या कामातून फॉस्फेट सुटून नळी निळी व्हायची. निवांत माशाच्या अर्कातलं विकर झोपलेलं असायला हवं, मग ते आम्ही आमच्या हातानं जागं करणार, असा सारा बेत. पण आमच्या नळ्या आधीच निळ्या! रोज निळ्या, आकाशासारख्या निळ्या. विकर कोण जागं करतंय ते कळेना. सर कधी बर्फावर घसरत, कधी माशावर, कधी माझ्यावर. फक्त शनिवारी ते मुंबईला जात, तेव्हा अर्क मी पिळत असे, आणि त्या दिवशीच्या नळ्या पांढऱ्याशुभ्र राहत. हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं? पहिल्या वर्गातल्या माझ्या? छे! नळ्या धुणाऱ्या हसुरामच्या. "शनवारी नल्या निल्या नसतात, बाई," तो हसत म्हणाला होता. "साहेब गेले का मासा पन गाढ झोपतो." मी हसले आणि विसरले. शिकलेल्या माणसाचे कान असेच असतात, समोरचा कोण आहे ते पाहून ऐकतात.

फाल्गुनातल्या एका दुपारी, कौलं तापून वारा पडलेला असताना, सरांची प्रतिभा अखेर जागी झाली. "राख!" ते म्हणाले. "या लोकांच्या घरी भांडी राखेनं घासतात. राखेत फॉस्फेट असतं. हा हशा नळ्या राखेनं घासतो, म्हणून निळा रंग येतो." हसुराम ओल्या हातांनी दारात उभा होता. "न्हाय साहेब. राख न्हाय लावली. शपत." सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माशाकडे तरी ते पाहत असत.

आता माझी शौर्यगाथा ऐका. नळ्यांच्या रांगेच्या टोकाला, अर्काऐवजी नुसतं पाणी आणि बाकी सगळं तेच घातलेली एक नळी असे, पडताळ्यासाठी. तीही हसुरामनंच धुतलेली. राखेचा दोष असता तर ती निळी व्हायलाच हवी होती. ती माझ्यापासून वीतभर अंतरावर, झऱ्याच्या पाण्यासारखी निर्मळ उभी होती. मला ती दिसली, तिचा अर्थ त्याच क्षणी कळला, वाक्य जिभेच्या टोकाशी आलं, आणि मी विचारलं काय, तर "सर, विडा देऊ?" थू! इतक्या वर्षांनी लिहितानाही स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

माझं अक्षर सुरेख, म्हणून कामावरून काढल्याचा कागद मीच लिहिला. सरांनी सांगायचं, मी लिहायचं: सदर इसम अस्वच्छ व खोटे बोलणारा असून त्याच्या निष्काळजीपणामुळे प्रयोगांची हानी झाली, सबब त्यास कामावरून दूर करण्यात येत आहे. खाली त्यांची लफ्फेदार सही. मागच्या पडवीत मी तो हसुरामच्या हाती ठेवला. त्यानं तो आदरानं दोन्ही हातांत धरला, उलटसुलट पाहिला आणि मलाच परत दिला. "मना वाचता न्हाय येत. काय लिवलंय?" मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, "काम संपल्यामुळे यास मोकळे करण्यात येत आहे. माणूस प्रामाणिक असून काम चोख करतो." त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे साहेबांचा राग गेला म्हनायचा!" मला वाटलं, मी दया केली. दया! भित्र्या माणसाला आपला भित्रेपणा झाकायला सर्वांत मऊ पांघरूण तेवढंच मिळतं. जाण्यापूर्वी त्यानं चारही डझन नळ्या धुऊन, चटईवर उपड्या मांडून ठेवल्या.

त्यानंतर आठवड्याभरात उलगडा झाला. सरांनी विडा तोंडात टाकला, डबीतला चुना बोटावर घेऊन चाटला, आणि तेच बोट मलमलीच्या ओल्या गाठोड्यावर दाबून ते पिळू लागले. गाठोड्यावर बोटाएवढा पांढरा ठिपका उमटला. चुना म्हणजे कॅल्शियम. आणि स्नायूतल्या कायनेजला जागं करणारी एक हाक कॅल्शियमचीच असते. सरांचं स्वतःचं चाटलेलं बोट आमच्या अर्कात रोज ती हाक घालत होतं! पुढच्या शनिवारी हसुरामनं हौदात सोडलेला शेवटचा जिताडा मी काढला, त्यानं धुतलेल्यांतल्या उरलेल्या नळ्या घेतल्या, आणि एका नळीत चुन्याच्या निवळीचा एकच थेंब टाकला. तेवढीच निळी झाली. बाकी सगळ्या पांढऱ्या.

सरांना सांगितल्यावर ते क्षणभर तरी ओशाळतील, अशी आपली माझी भाबडी समजूत होती. कसले ओशाळतात! पानाची पिचकारी टाकून आले आणि म्हणाले, "हा तर शोध आहे!" बोट गायब झालं, शोध उरला. हसुरामला परत बोलवायचं का, असं मी चाचरत विचारलं. "आता दुसरा माणूस ठेवलाय," एवढ्यावर तो विषय मिटला, आणि मी तो मिटू दिला. पुढे निबंध छापून आला. वर सरांचं नाव, खाली माझं, शेवटी आभार: टंकलेखकाचे, बर्फवाल्याचे आणि बंगलीच्या मालकाचे. हाच प्रकार परदेशात कोणी सशाच्या मांसात आधीच पाहून ठेवला आहे, हे सरांना नंतर कळलं, तेव्हा त्यांनी त्या लोकांनाही नावं ठेवली. मला पदवी मिळाली. मुंबईत नोकरीही मिळाली.

दोन वर्षांनी, दिवाळीची सुट्टी संपवून मी मुंबईची लाँच धरायला रेवसच्या धक्क्यावर उभी होते. हातातल्या पिशवीत त्या निबंधाच्या पन्नास छापील प्रती. जाईन तिथे वाटत सुटायचं खूळ होतं तेव्हा. भरतीचं गढूळ पाणी धक्क्याच्या पायऱ्या चाटत होतं. "बाई!" हाक आली. हसुराम होता, अर्धा झालेला, शेजारी त्याची बायको. त्यानं कोपरीच्या आतून मेणकापडाची पुडी काढली आणि त्यातून घड्यांवर फाटत आलेला तो कागद.

"तुमचा कागद जपून ठेवलाय, बाई. दवाखान्यात दावला, शालेत दावला, अलिबागला हापिसात दावला. वाचतात, माझ्या तोंडाकडं बघतात, आन् घडी घालून परत देतात. जागा न्हाय म्हनतात. आता मुंबईला जातो. मोठं श्यार, मोठी प्रयोगशाला असंल. पन ही आयकत न्हाय. हिला वाटतं, मी गोदीत जानार. हिला वाचून दावा जरा, साहेबानं काय लिवलंय."

मी म्हटलं, "हा फाटलाय. थांब, मी नवा लिहून देते, माझ्या सहीचा." त्यानं तो घाईघाईनं मागे घेतला. "नको बाई. ह्यावर साहेबांची सही हाय." आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

त्याची बायको माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिचा कागदावर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. पेशीत नुसती खूण डकवणारंच विकर नसतं, ती पुसून टाकणारंही असतं. नाहीतर जीव जगता ना. एक वाक्य पुरलं असतं. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, "माणूस प्रामाणिक असून काम चोख करतो." पहिल्या वेळेपेक्षा स्पष्ट वाचलं. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, "जा मग."

लाँच सुटली. धक्क्यावरची बायको दिसेनाशी होईपर्यंत हसुराम हात हलवत उभा होता. मग तो माझ्यापासून चार हातांवर येऊन बसला, छातीवरच्या पुडीवर तळवा ठेवून. तास-दीड तासाचा प्रवास. इतक्या वेळात माणूस काय नाही सांगू शकत! मी पाण्याकडे पाहत राहिले. सरांना नावं ठेवत आयुष्य काढलं, पण त्यांच्या बोटाचा चुना निदान त्यांच्या नकळत अर्कात जात होता.

भाऊचा धक्का आला. मी पिशवी उचलू लागले, तर त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"जड हाय, बाई," म्हणत त्यानं ती खांद्यावर टाकली आणि माझ्यापुढे पायऱ्या चढू लागला.