जिभेवरचा साबण

नागपूरजवळ हिंगण्याच्या आमच्या साबण कारखान्याची ख्याती एकच: आमच्या वडीने धुणं धुणाऱ्या बाईचे हात जळत नसत. मोठ्या कंपन्यांपुढे आम्ही टिकलो ते तेवढ्यावर, आणि तेवढं सगळं एका म्हाताऱ्या कामगाराच्या जिभेवर होतं. त्यांना सगळे काकाजी म्हणत. कढईतला साबण पळीत निववून ते जिभेच्या टोकाला लावत. चटका बसला तर कॉस्टिक, म्हणजे साबणातला जाळणारा क्षार, अजून मोकळा आहे, शिजू द्या. नाही बसला तर उतरवा.

काकाजी निवृत्त व्हायला दोन महिने उरले, तेव्हा मालकांनी मला बोलावलं. मी नवा केमिस्ट, नोकरी कच्ची. "त्यांच्या डोक्यातलं सगळं वहीत उतरव. हे जमलं तर तू कायम."

मी वही घेऊन काकाजींच्या मागेच लागलो. तेल किती, जाळ किती, फेस कधी बसतो, सगळं टिपलं. साबणही चाखायचो. ते "अजून कच्चा आहे जी" म्हणत तेव्हाही मला काही लागत नसे. 'सवयीने कळेल,' असं मी बिनदिक्कत लिहून टाकलं.

काकाजी निवृत्त झाले आणि महिन्याभरात नागपूरच्या महाल भागातला एक दुकानदार साबणाची पेटी परत घेऊन आला. गिऱ्हाइकांचे हात भाजले होते. चूक शोधायला मालकांनी मला आठ दिवस दिले.

माझं डोकंच चालेना. सगळं वहीबरहुकूम चाललं होतं. मी चाखत होतो, नवा कामगार चाखत होता, दोघांनाही साबण पक्का लागत होता. तेल बदललं का? पाणी? काकाजींनी मुद्दाम काही लपवलं असंही मनात आलं, त्याची अजून लाज वाटते.

शेवटी वडी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती जिभेला लावली आणि लगेच थुंकले.

"हा तं कच्चा आहे जी."

मी लावली. काहीच नाही. ते माझ्या गालाकडे बघत राहिले.

"साहेब, आताही खर्रा खाऊन राहिले ना तुमी?"

खात होतो. सकाळपासून सुपारी-तंबाखू-चुन्याचा तोबरा गालात, अर्ध्या नागपूरसारखाच. नवा कामगारही तसाच.

"चुन्यानं जीभ मरते जी. मी ड्युटीवर कधी तोंडात नाही टाकला."

मी चिडलोच. "मग काकाजी, दोन महिन्यांत सांगितलं का नाही?"

ते खाली बघून म्हणाले, "साहेब माणसाले कसं सांगू, पहिले तोंड धुऊन या म्हणून?"

तासभर चुळा भरत त्यांच्याकडेच बसलो. मग वडी पुन्हा लावली आणि चटक्याने डोळ्यांत पाणी आलं.

वहीत पहिल्या पानावर एक ओळ वाढली, 'चाखणाऱ्याने ड्युटीवर खर्रा खाऊ नये', आणि नोकरीही टिकली. पण मनातला एक प्रश्न काही सुटला नाही. माझी भीड पडून त्यांनी आणखी काय काय पोटात ठेवलं होतं? ते विचारायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.