मंडळीतलं गाऱ्हाणं

आमची ख्रिस्ती मंडळी महाडात चवदार तळ्यापलीकडच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर भरते. विश्वास ठेवणारी थोडीच घरं, बहुतेक पोलादपूरकडच्या वाड्यांतून उतरून आलेली. वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही देवाशी केलेला करार नवा करतो. बायबलमध्ये इस्राएल लोकांनी असंच उभं राहून परमेश्वराचीच सेवा करायचा शब्द दिला होता. तो त्यांनी पुढे किती वेळा मोडला हेही तिथेच सांगितलंय. शब्द खरा असेल तर दरसाल नवा कशाला करायचा आणि खोटा असेल तर नवा करून तरी काय उपयोग, हे मला आजवर कुणी धड समजावलेलं नाही.

यंदा पाळकसाहेब माझ्या वडिलांना म्हणाले, "बाबा, तुम्ही सगळ्यांत वडील. मंडळीच्या वतीनं तुम्ही बोला." पाळक तरुण, घाटावरचे, नुकतेच आलेले. बाबा आंबेनळी घाटाखालच्या वाडीतले. तिथे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता. एकानं सगळ्या गावासाठी देवाकडे मागायचं आणि गावानं मागून 'होय म्हाराजा' म्हणायचं. बाप्तिस्मा घेतल्यावर तो मान चुलत्यांकडे गेला आणि गावकीनं आमच्याशी बोलणं टाकलं. पाळकांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

कराराचा कागद बाबांच्या हातात दिला होता. त्यांनी तो घडी करून खिशात घातला, हात जोडले आणि जुना खडा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं तुज्यापुढं उभी हायत. आमी तुजी हाव, तुजीच ऱ्हाऊ. जी पोटासाठी मुंबयला गेलीत, जी कशेडीच्या घाटात गाड्या चालवतात, त्यांना संबाळ. ज्या गावानं आमाला भायेर काढलं, त्याची गुरंढोरं, लेकीसुना संबाळ. आमच्यात त्यांनाबी धर."

आणि अख्खी माडी एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!"

कुणी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, माझ्याही. अंगावर काटा आला. आपण आत्ता हो म्हणालो ते नक्की कुणाला? इकडच्या देवाला की तिकडच्या? शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या, आणि माझ्याकडे बघत होत्या, जणू मला उत्तर माहीत असावं.

पाळकांचा चेहरा उतरला. "बाबा, हे देवळातलं बोलणं झालं. कागदावरचं पुन्हा म्हणा. नाहीतर मला तुम्हाला प्रभुभोजन देता येणार नाही." प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. बाबांनी ते कधी चुकवलं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यातही ते एसटीनं आले होते.

"आत्ताच दिला की सबूद," बाबा म्हणाले. "परत दिला तर पयला खोटा व्हईल." आणि खाली बसले.

मग बाबांच्या खिशातला कागद माझ्याकडे आला. बाबांच्या जागी मंडळीच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं होतं. मी का उठलो, बाबांची लाज राखायला की पाळकांची मर्जी, मला अजून उमजत नाही. वाचलं मात्र न अडखळता. त्यातल्या निम्म्यावर तरी माझा विश्वास आहे का, हे मला कुणी विचारलं नाही. सगळे आमेन म्हणाले.

ताट फिरलं. मला तुकडा मिळाला. बाबांनी हात पुढे केला होता, पण ताट त्यांच्यासमोरून तसंच पुढे गेलं. मला पाळकांचा राग आला, बाबांच्या हट्टाचा आला, आणि खरं सांगायचं तर देवाचाही आला. तरी तुकडा खाल्ला.

जिना उतरताना बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबले.

"तू वाचलंस त्यात गाववाले व्हते का रे?"

"नाही, बाबा."

"मंग माजंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि पुढची पायरी चाचपू लागले.