मधला चौकोन

कपाट आवरताना बाबांचा जुना जपानी कॅमेरा हाती लागला. सगळं आपोआप करणारा म्हणून त्यांनी हौसेने घेतलेला. आधीच्या कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत हाताने भिंगाचं कडं फिरवावं लागे. याचं नुसतं बटण दाबायचं. मधल्या चौकोनात जे येईल तेवढंच हा स्पष्ट टिपायचा.

आणि आमचे आईबाबा फोटोत हातभर अंतर ठेवून उभे राहायचे. कुणी "जरा जवळ सरका" म्हटलं, की आई म्हणायची, "इथंच बरं आहे." मग चौकोनात यायची मागची भिंत. आई गेल्यावर अल्बम काढून बसलो, तर भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशीसुद्धा वाचता येत होती. आईचा चेहरा मात्र प्रत्येक फोटोत पुसट.

आज नवा सेल घालून कॅमेरा डोळ्याला लावला. समोर सोफ्यावर बाबा बसले होते, नेहमीसारखे एका कडेला, शेजारची जागा सोडून.

"रोल आहे का त्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मी बटण अर्धं दाबलं. चौकोनात ती रिकामी जागा आली होती. हिरवा दिवा लागला. कॅमेऱ्याला सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं.