नकाशावरचं बटण

डिंकाचा वास आला की मला रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या शाळेचा नववीचा वर्ग आठवतो. मी भूगोल शिकवायची, आणि वर्गात एक मुलगी होती, जिला अजिबात दिसत नव्हतं. नकाशाच्या तासाला मी मोठ्या मायेनं तिला म्हणायची, “तू आराम कर बेटा, परीक्षेत तुले नकाशाचा प्रश्न माफ आहे.” एक दिवस ती उभी राहिली. “मॅडम, सारे नकाशा पाहून राहिले. मीच काहून बसून राहू?” त्या रविवारी मी पुठ्ठ्यावर छत्तीसगडचा नकाशा केला, सीमेला सुतळी, महानदीला लोकर, डोंगरांना वाळू चिकटवली. सोमवारी तिची बोटं त्यावरून फिरू लागली. लोकरीवरून दोनदा जाऊन बोट थांबलं. “मॅडम, यात आपण कुठं आहो?” नावं तिला वाचता येणार नाहीत, म्हणून मी गावंच सोडून दिली होती, रायपूरसुद्धा. शेजारच्या मुलीनं आपल्या बाहीचं बटण तोडून माझ्या हातात ठेवलं, रायपूरच्या जागी चिकटवायला. आजही असा नकाशा करायला बसले की मी आधी बटण चिकटवते, नद्या मागून.