पायरीवरच्या उड्या

"सावकाश. कोणी मागे लागलंय का?"

ब्लाउजपीसच्या रंगात अडकलेल्या बाईला आमचे दुकानदार हेच म्हणत, आणि दुकानाच्या पायरीवर जेवायला बसलेल्या आपल्या मुलीलाही. इकडे हिंदी मुलखात, ओरछा गेटला आमच्या गल्लीत त्यांचं मॅचिंगचं दुकान. त्यांच्याकडच्या साड्यांना मी फॉल लावून देते. मला बोलायचं सुचत नाही आणि ते बोलायला लावत नसत, म्हणून तिथे बसणं आवडायचं.

मुलगी सात-आठ वर्षांची, गल्लीतल्या पोरांसारखी हिंदीच बोलणारी. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू होते. आई सकाळीच नोकरीवर शेजारच्या बबीन्याला जाई, त्यामुळे दुपारचं जेवण यांच्याकडे. मऊ भात, तूप, मेतकूट. घास तिच्या तोंडात घालायचे आणि आवंढा स्वतः गिळायचे. समोर गिऱ्हाईक असलं तरी. तुम्हीही हसला असतात.

"वहिनी, पदराआड हसताय ते दिसतंय."

"तुम्हीच जेवताय असं वाटतं."

"मग? या महाराणीचं अर्धं काम मलाच करावं लागतं."

वजन टिकलं तरच पुढचं औषध देता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे एकेका घासावर त्यांचा जीव. सकाळी उपाशीपोटी द्यायची पित्ताची गोळी ते स्वतःच देत. "पोटाची काळजी नाही," म्हणायचे, "गोळी एक दिवस चुकलेली नाही."

मग मुलगी उड्या मारायला लागली. घास घेतला की उठायची, पायरीवरून दोन उड्या, पाण्याचा घोट, की परत जागेवर. गल्लीतली पोरंही तिच्याबरोबर उडायची. हे टाळ्या वाजवायचे. गिऱ्हाइकांना दाखवायचे, "देखिए बहनजी, पिछले महीने सीढ़ी नहीं चढ़ पाती थी." तिथे बसला असतात तर तुम्हालाही तो खेळच वाटला असता.

एका दुपारी तिने खूप उड्या मारल्या. लाळ गळायला लागली, डोळे भरले. शेवटी घास तसाच बाहेर आला.

"पापा, आज कूदने से भी नीचे नहीं गया."

टाळीसाठी उचललेले त्यांचे हात तसेच राहिले. "तू त्यासाठी उड्या मारतेस?"

"और क्या. पहले पानी से चला जाता था."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"आप ताली बजा रहे थे."

औषधांच्या उलट्यांनी आणि पित्ताने अन्ननलिका अरुंद झाली होती. हॉस्पिटलमधून आल्यावर कात्री हातात धरून ते मला म्हणाले, "डॉक्टरांना म्हटलं, गोळी तर रोज दिली. ते म्हणाले, गोळी देऊनही होतं कधी कधी, तुमचं काही चुकलं नाही." मग विचारलं, "चुकलं नाही, तर मग झालं कसं, वहिनी?"

मी सुईत दोरा ओवत राहिले.

भूल देऊन नळी रुंद केली. पुन्हा आखडू शकते, हेही सांगितलं. कॅन्सरचं औषध वजन भरेपर्यंत थांबवलेलं. पायरीवर पुन्हा जेवण सुरू झालं, पण आता ते तिच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. कापडाचे रंग चुकायला लागले. एकदा पोरांनी समोर लंगडी मांडली, तर "बंद करा रे!" म्हणून ओरडले. इतका मऊ बोलणारा माणूस. पोरं तर घाबरलीच, मीही दचकले.

तिचे गाल भरू लागले. "सोमवारपासून औषध पुन्हा सुरू," असं त्यांनी सांगितलं त्याच दुपारची गोष्ट. भाताचा घास घेऊन ती पाण्यासाठी उठली. पाणी प्यायली. आणि तिच्या टाचा उचलल्या गेल्या.

बाप बघतोय हे तिच्या लक्षात आलं. टाचा हळूच खाली टेकल्या. उडी तिने मारली नाही. तोंड मिटून उभी राहिली.

त्यांनी आवंढा गिळला. मग आणखी एकदा गिळला.

"सावकाश," ते म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा हॉस्पिटलात नेलं, तेव्हापासून शटर बंद आहे. फॉल लावलेल्या साड्या माझ्याकडे घडी घालून पडल्यात. बायका विचारतात, "भैया कब आएंगे?" मला माहीत नाही. काल दोन मुली त्या पायरीवरून उड्या मारत होत्या. खाली टेकल्या की हसत होत्या. मी दारात उभी राहून दोघींच्या गळ्याकडे बघत होते.